परदेशात भाषा शिकायला गेलेल्यांनो, तुमच्या वर्गात कोण कोण होतं?

पारोळ्याची_आई

नमस्कार मंडळी. माझी मुलगी बी.एस्सी. नर्सिंग झाली आहे. ऑक्टोबरच्या बॅचला टोकियोला जपानी भाषेच्या शाळेत चालली आहे. कागदपत्रं झाली, फी भरली, तिकीट तेवढं बाकी आहे. व्हिसा, भाडं, पगार यावर सांगायला आमची सगळी गल्ली तयार आहे. त्यात जे पारोळ्याहून धुळ्यालाही फारसे जात नाहीत ते सर्वांत पुढे.

माझा प्रश्न वेगळा आहे. तिच्या शेजारी बसणार कोण? शाळेत तिच्या बाकावर कोण बसायचं ते मला माहीत होतं. कॉलेजातल्या मैत्रिणींच्या आया मला ओळखत होत्या. आता विचारलं की म्हणते, "मम्मी, तिथे सगळ्या देशांचे असतात." सगळ्या देशांचे म्हणजे नेमके कोण? काय खातात, काय बोलतात, आजारी पडली तर दार वाजवतील का? सासूबाई तर रोज एकच विचारतात, "पोर कोठे जाय ऱ्हायनी, तठे आपलं कोन शे?"

जपानच पाहिजे असं नाही. कुठल्याही देशात भाषा शिकून आलेल्यांनी आपल्या वर्गातली लक्षात राहिलेली माणसं सांगावीत. सल्ले खूप मिळालेत, माणसं सांगा.

---

यावलचा_केळीवाला

मावशी, राम राम. मी यावल तालुक्यातला. टोकियोत ताकादानोबाबा म्हणून भाग आहे, तिथे दोन वर्षांच्या कोर्सला होतो. आता शनिवार-रविवार जळगावला पोरांना एन-फाईव्ह, एन-फोर (जपानी परीक्षेच्या पातळ्या, आकडा कमी तशी अवघड) शिकवतो, बाकी आठवडा केळी. माझ्याकडे येणारे पालक पहिल्या मिनिटाला पगार विचारतात. तुम्ही माणसं विचारली, म्हणून बसून लिहितो आहे. लांबेल, सांभाळून घ्या.

आमची बॅच कोविडमध्ये अडकलेली. विद्यार्थ्यांना जपाननं आत घेणं सुरू केलं ते मार्च 2022 पासून. तोवर वर्ग मोबाईलवर. तिकडचे सकाळचे 9 म्हणजे आपले साडेपाच. मी ओसरीत पांघरूण घेऊन 'ओहायो गोझाइमास' (शुभ सकाळ) म्हणायचो आणि आई दूध काढायला जाता जाता विचारायची, "कोन बाई बोलून राहिली रे एवढ्या सकाळी?" लाइट गेली की मी वर्गातून गायब. माझ्याहून जास्त गायब व्हायची ती म्यानमारची एक बाई. तिच्या चौकोनात मागून जनरेटरची घरघर यायची, मग चौकोनच काळा. तिचं शेवटी सांगतो, ते महत्त्वाचं आहे.

प्रत्यक्षात गेल्यावर वर्ग 20 जणांच्या आतला. तिकडे एका वर्गात 20 च्या वर घेत नाहीत, तसा नियमच आहे. सगळ्यात जास्त नेपाळी, मग व्हिएतनामी, मग चिनी, म्यानमारचे, श्रीलंकेची एक जोडी, तैवानची एक पोरगी आणि कोरियाचे एक रिटायर्ड काका. भारतातला मी एकटा. हे ऐकून इथले पालक दचकतात. त्यांना वाटतं निम्मा वर्ग पुण्याचा असेल.

पहिल्या दिवशी ओळख करून देताना मी सांगितलं की वडील केळी पिकवतात. सेन्सेई, म्हणजे आमच्या बाई, खूश, कारण तो शब्द जपानीत पण 'बनाना'च. झालं, तेव्हापासून मी बनाना-सान, म्हणजे केळेराव. आमच्याकडे ट्रकच्या हिशोबात मोजतात ते केळं तिकडच्या कोन्बिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानात, एकेकटं प्लास्टिकच्या पिशवीत असतं, वर फिलिपिन्सचं स्टिकर. वडिलांना फोटो पाठवला तर ते दोन दिवस कोणाशी धड बोलले नाहीत.

आता शेजारी. सेन्सेई जागा बदलत राहायच्या, एका देशाची दोन माणसं जवळ बसू द्यायच्या नाहीत. माझ्या वाट्याला आला चितवनचा नेपाळी पोरगा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याच्या वहीत डोकावलो तर देवनागरी! जपानी शब्द, त्याखाली उच्चार आपल्या अक्षरांत. मी माझी वही सरकवली, त्यात पण तेच. तेव्हापासून आमची वही एक झाली. ज्याला झोप कमी लागली असेल त्यानं लिहायचं, दुसऱ्यानं फोटो काढायचा. भांडण एकाच अक्षरावरून. जपानीत 'त्सु' आहे, तो मी 'त्सु' लिहायचो आणि हा 'चु'. त्यांचा च आपल्या चमच्यातल्या च सारखा असतो, त्यामुळे त्याचं त्याच्या जागी बरोबरच. पण माझ्याकडून वाचताना व्हायचा 'चहा'तल्या च सारखा चु, आणि सेन्सेई कपाळाला हात लावायच्या. शेवटी त्या अक्षराखाली टिंब द्यायचं ठरलं. ते टिंब मी अजून जळगावच्या पोरांना शिकवतो.

हा पोरगा रात्री बेन्तोच्या कारखान्यात जायचा. बेन्तो म्हणजे तयार जेवणाचे डबे. पट्ट्यावरून डबा येणार, भाताच्या मधोमध एक खारवलेलं लाल आंबट फळ ठेवायचं, डबा पुढे. रात्रभर तेवढंच. सकाळी वर्गात येऊन तो पेन उभं धरून झोपायचा. लांबून बघितलं तर लिहितोय असं वाटायचं. विद्यार्थ्याला आठवड्याला 28 तासच काम करता येतं आणि हजेरी घसरली तर व्हिसा वाढवताना अडचण येते, म्हणून पोरं झोपतात पण येतात. सेन्सेई बोटाच्या पेरानं त्याच्या बाकावर टकटक करायच्या आणि तो डोळे न उघडता बरोबर उत्तर द्यायचा. हे मी पाहिलंय, कानगोष्ट नाही.

व्याकरण त्याला आणि मला फारसं जड गेलं नाही, कारण जपानीत पण क्रियापद शेवटी येतं, 'ला', 'नं', 'त' शब्दाच्या मागे लागतात. मनात मराठी वाक्य लावायचं आणि शब्द बदलत जायचं. व्हिएतनामच्या पोरांना ते उलटं पडायचं, त्यांच्याकडे क्रियापद मधे. पण त्यांच्या भाषेत जुने चिनी शब्द भरपूर आहेत, त्यामुळे नवा जपानी शब्द आला की ते आपसांत काहीतरी पुटपुटायचे आणि एकदम 'आऽऽ' करायचे. चिनी पोरं कांजी, म्हणजे जपानीत वापरतात ती चिनी चित्राक्षरं, बघूनच अर्थ सांगायची, उच्चार मात्र भलताच. रोजच्या वापरातल्या म्हणून ठरवलेल्या कांजीच 2136 आहेत. आपण एकेक पाठ करत बसायचं आणि ते वर्तमानपत्र उघडून बसलेले. पहिल्या महिन्यात फार राग यायचा.

व्हिएतनामी तिघे होते आणि तिघांचं आडनाव ग्वेन. त्यांच्याकडे ते आपल्याकडच्या पाटलांपेक्षा जास्त. त्यातला मधला ग्वेन इझाकायात, म्हणजे तिकडच्या खाण्यापिण्याच्या ठिकाणी, काम करायचा. तिथे गिऱ्हाईक आलं की सगळा स्टाफ ओरडतो. ऑर्डर दिली की 'आनंदानं करतो!' म्हणून परत ओरडतो. याची सगळी जपानी त्या आरडाओरडीतून आलेली. सेन्सेईंनी "पुढचा परिच्छेद वाचा" म्हटलं की हा ताठ उभा राहून छत हलेल असा ओरडायचा, "हाय, योरोकोन्दे!" सेन्सेई पाठमोऱ्या होऊन हसायच्या. कोरियन काका हसायचे नाहीत. ते सेन्सेई आत आल्या की उभे राहायचे आणि गृहपाठ आदल्या आठवड्यातच करून ठेवायचे. त्यांच्याबद्दल एवढंच.

तैवानची पोरगी खरं तर साधी, पण तिची आजी ध्यानात राहिली. तैवानवर 1895 ते 1945 जपानचं राज्य होतं. आजी लहानपणी जपानी शाळेत शिकलेली. मधल्या सुट्टीत पोरगी व्हिडिओ कॉल लावायची आणि आम्ही सगळे त्या मोबाईलसमोर गर्दी करायचो. पाठीला उशी लावून बसलेली म्हातारी एकेकाला काहीतरी विचारायची आणि आम्ही उत्तर दिलं की आमचं आदरार्थी बोलणं दुरुस्त करायची. मला म्हणाली, "मोठ्यांशी बोलताना असं नाही म्हणायचं." शाळेत ते प्रकरण आम्हाला पुढच्या सत्रात येणार होतं. ज्यांनी राज्य केलं त्यांची भाषा इतक्या टापटीपीनं सांभाळलेली पाहून मला काय वाटलं ते अजून नीट सांगता येत नाही. पोरीला विचारलं तर म्हणाली, आजी जपानीत फक्त रागावते आणि हिशोब करते.

आता ती म्यानमारची बाई. वय चाळिशीच्या पुढे. वर्गात सगळ्यात कच्ची. वाचताना बोट ठेवून वाचायची, अडकली की परत पहिल्यापासून. मागची दोन पोरं हसायची. बोलणं दोन-तीन शब्दांचं. 'आज, थंड, ना?' 'बनाना-सान, भात, खाल्ला?' स्वभावानं गरीब, भोळी असेल असं माझं मत.

ताकादानोबाबात म्यानमारची बरीच माणसं आहेत, लोक त्या भागाला लिटल यंगून म्हणतात. स्टेशनजवळ त्यांची छोटी हॉटेलं आहेत. एकदा वर्ग सुटल्यावर ती मला एका हॉटेलात घेऊन गेली, मुरवलेल्या चहाच्या पानांची कोशिंबीर खायला घालायला. (चहाची पानं, लसूण, तळलेल्या डाळी, शेंगदाणे. चवीला आपल्याला जमते. पोटाला रात्री जागं ठेवते.) आम्ही बसतो न बसतो तोच शेजारच्या टेबलावरचा एक तरणा पोरगा वॉर्ड ऑफिसचा कसला तरी फॉर्म घेऊन तिच्याकडे आला. तिनं चष्मा लावला, फॉर्म वाचला, बाजूला ठेवला आणि बोलायला लागली.

मावशी, मला बर्मी एक अक्षर येत नाही. पण आवाज वेगळा होता. थांबे कुठे घ्यायचे ते माहीत असलेला. आधी तो पोरगा ऐकत होता, मग त्याच्या टेबलावरचे, मग आतून हॉटेलवाला येऊन उभा राहिला, हातात तसंच भांडं. एकानं खिशातून पेन काढून हातावर लिहून घेतलं. कोणीतरी मधे बोलायला गेला, तिनं त्याच्याकडे बघितलं नुसतं, तो गप्प. मग तिनं काहीतरी गमतीचं सांगितलं असणार, सगळे खो-खो हसले. हॉटेलवाल्यानं मला जपानीत सांगितलं, ही मोठ्या शाळेची मुख्याध्यापिका होती. फेब्रुवारी 2021 मध्ये लष्करानं सत्ता घेतली तेव्हा हजारो शिक्षकांनी कामावर जाणं सोडलं, त्यातली ही एक.

सगळं आटोपल्यावर ती माझ्याकडे वळली, चष्मा काढला आणि म्हणाली, "बनाना-सान. चहा. गोड?"

म्हणून मी तुम्हाला नेमकं सांगू शकत नाही की तुमच्या मुलीच्या शेजारी कोण बसेल. जी बसेल ती तिला पहिले सहा महिने चार वर्षांच्या पोरासारखी बोलताना दिसेल, आणि तुमची मुलगी पण समोरच्याला तशीच दिसेल. वॉर्डात रात्रपाळी सांभाळलेली, सलाइन लावणारी पोरगी तिथे 'हे. पेन. आहे.' म्हणत बसणार. त्याचा त्रास होतो. भातापेक्षा, थंडीपेक्षा जास्त होतो. फोनवर ती चिडचिडी वाटली तर तेच कारण समजा आणि पाच मिनिटं तिला मराठीत मनसोक्त बोलू द्या. आणि हो, दार वाजवतील. मला ताप आला तेव्हा तो पेन धरून झोपणारा पोरगा कारखान्यातून सुटून थेट माझ्या खोलीवर आला, पातळ भात केला आणि माझ्या आधी स्वतःच झोपला.

---

सातपुडा_अण्णा

केळीवाले भाऊ, छान लिहिलंत. मी नंदुरबारचा, आमचा जमाना वेगळा. ऐंशीच्या दशकात मॉस्कोला पीपल्स फ्रेंडशिप युनिव्हर्सिटीत शिकायला गेलो. ती 1960 सालची, आमच्या वेळी तिला काँगोचे नेते लुमुंबा यांचं नाव होतं. मुख्य अभ्यासाआधी वर्षभर फक्त रशियन भाषा. वर्ग लहान, बाई कडक, आणि सहा विभक्त्या. शाळेत संस्कृत घोकलेलं तेव्हा कामाला आलं.

माझ्या वर्गात दोन येमेनी होते. तेव्हा येमेन दोन होते, उत्तर आणि दक्षिण. हा एक उत्तरेचा, तो एक दक्षिणेचा. भाषा एक, धर्म एक, दोघांना चहात साखर तेवढीच लागायची. पण पहिल्या दिवसापासून वर्गाच्या दोन टोकांना बसले. एकमेकांशी अरबीत बोलायचे नाहीत. काही मागायचं झालं तर रशियनमधून, तेही "माननीय कॉम्रेड, कृपया खडू" अशा थाटात. आम्हाला ते नाटक वाटायचं. बाईंना मात्र आनंद, कारण त्या दोघांचं रशियन सगळ्यांच्या पुढे गेलं. परीक्षेत पहिला-दुसरा नंबर त्यांचाच.

22 मे 1990 ला दोन्ही येमेन एक झाले. तोवर आम्ही वेगवेगळ्या विभागांत पांगलो होतो. नंतर एकदा हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात दोघं एकाच कढईपाशी दिसले, अरबीत भांडत होते. कांदा आधी की टोमॅटो आधी यावरून.

---

धुळे_स्टँड

माणसं-बिणसं ठीक आहे हो, पण खरं पण सांगा. आमचा एक भाचा गेला होता. एजंटनं सांगितलं होतं एक, निघालं दुसरंच. खोलीत सगळे आपल्याच भागातले, जेवण आपलं, गप्पा अहिराणीत, काम भांडी घासायचं. दोन वर्षांनी आला तर जपानी म्हणून त्याला 'किती झाले' आणि 'माफ करा' एवढंच येत होतं. वर्गात कोण होतं विचारलं तर म्हणे, "मामा, मी मागे बसेल होतू, झोप लागी जाये." त्याला कुठली मुख्याध्यापिका भेटली नाही.

---

यावलचा_केळीवाला

धुळेवाले दादा, तुमचं खोटं नाही. असे पण पाहिलेत. फक्त झोपेला नावं ठेवू नका. आमचा चितवनवाला झोपूनच एन-टू पास झाला. फरक खोलीचा असतो. वर्गात सेन्सेई जागा बदलतात, खोलीत कोण बदलणार? मावशी, पोरीला सांगा, शाळेचं वसतिगृह मिळत असेल तर दुसऱ्या देशाच्या मुलीबरोबर खोली मागायची. आठवड्यातून एकदा वरण-भात खायला मराठी मंडळींकडे जावं, रोज नको. टोकियोतच निशी-कासाई भागात आपली भरपूर भारतीय कुटुंबं आहेत, सणावाराला एकटं पडायचं कारण नाही.

एजंटचं मात्र बरोबर बोललात. 28 तासांपेक्षा जास्त काम 'मॅनेज होतं' असं जो सांगतो त्याच्या ऑफिसातून चहा न पिता उठावं.

---

पारोळ्याची_आई

तुम्हा सगळ्यांना मनापासून धन्यवाद. केळीवाले दादा, तुमचा तो हॉटेलातला प्रसंग मी सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवला. त्यांनी फक्त विचारलं, ती बाई आता जेवते-बिवते ना वेळेवर. काय सांगू त्यांना?

मुलगीसुद्धा वाचून गेली. सलाइनवालं वाक्य वाचून तिचं तोंड उतरलं, पण मग दिवसभर हिरागाना (जपानी मुळाक्षरं) काढत बसली. आणखी एक विचारते. वर्गात वाटायला सोबत काय द्यावं? भरताची वांगी द्यायची मला फार इच्छा आहे, बामणोदची. भरीत खाल्लं की कोणीही आपलं होतं.

---

यावलचा_केळीवाला

आजींना सांगा, जेवते. आता एका वृद्धाश्रमात काम करते, नवीन वर्षाला मेसेज येतो. वाक्यं लांब झालीत.

वांगी नका देऊ, विमानतळावरच काढून घेतील. ताजी फळं-भाजी आपल्या सरकारच्या तपासणीच्या कागदाशिवाय नेता येत नाही, मांसाचं तर काहीच नाही. वांगी तिकडे मिळतात, बारीक, लांब आणि गुळचट. गॅसवर भाजून भरीत होतं, पण काडीवर भाजलेल्याचा वास विसरायचा. वाटायला बिबडे द्या, कुरडया द्या, शेंगदाण्याची लसणाची चटणी कोरडी करून द्या. बिबडे मायक्रोवेव्हमध्ये फुलतात. ठेचा देऊ नका असं म्हणणार होतो, पण मधल्या ग्वेननं माझी बाटली पावाला लावून चार दिवसांत संपवली, तेव्हा थोडा असू द्या. डाळ, जिरं, हळद यांचं वजन उचलू नका. ताकादानोबाबाच्या पुढचंच स्टेशन शिन-ओकुबो, तिथे दुकानंच दुकानं आहेत.

आणि जमलं तर तिला एखाद्या रविवारी जळगावला पाठवा. माझ्या बॅचमध्ये शहाद्याची एक पोरगी आहे, ती पण ऑक्टोबरलाच चालली आहे, तिला पण नर्सिंगच करायचंय. बसनं यायचं असेल तर सकाळी 10 पर्यंत पोचेल असं बघा. वही सोबत आणायला सांगा, 'त्सु' तपासून देतो.